मारिओ खड्ड्यात का पडला?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आता भिंतीवर सपाट टीव्ही असेल. त्याआधी घराघरांत जाड, जड आणि पाठीमागे फुगलेला टीव्ही असे. कोणी त्याला ‘डबा टीव्ही’ म्हणतात, तर कोणी ‘ट्यूबवाला टीव्ही’. एखाद्या घरी तो कोपऱ्यात चादरीखाली अजूनही असेल. असा टीव्ही भंगारात द्यावा की ठेवावा? हा प्रश्न माझ्या बहिणीच्या घरी उभा राहिला होता. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझी धाकटी बहीण मालेगावला राहते. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. घर लहान, माणसे सहा. तिने मला आल्या आल्या सांगितले, “भाईजान, रविवारी भंगारवाला येणार आहे. तो डबा एकदाचा जाऊ दे. तिथे माझी शिलाई मशीन बसेल.” तिचे म्हणणे अगदी रास्त होते. त्या टीव्हीने खोलीचा एक कोपरा पूर्ण अडवला होता आणि दोन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

त्याच दिवशी माझ्या भाच्याला पेटीत त्याच्या अब्बूंचा जुना व्हिडिओ गेम सापडला. एक करडे यंत्र, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि चार-पाच कॅसेट. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या अनेक नकला निघाल्या आणि नव्वदच्या दशकात त्या आपल्याकडे खूप विकल्या गेल्या. हे यंत्रही तशीच एक नक्कल होते. भाच्याने ते नव्या सपाट टीव्हीला जोडले. मारिओचा खेळ सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण थोड्याच वेळात मुलगा हिरमुसला. मारिओ धावत येई, खड्ड्यापाशी पोहोचे आणि उडी मारण्याऐवजी सरळ आत पडे. एकदा, दोनदा, सात वेळा. “मामू, मला जमतच नाही,” तो म्हणाला. इतक्यात माझे मेहुणे कारखान्यातून घरी आले. “अरे, हा खड्डा मी लहानपणी डोळे मिटून ओलांडत असे!” असे म्हणून त्यांनी रिमोट घेतला. तेही खड्ड्यात पडले. घरात हशा पिकला. मेहुण्यांना मात्र हसू आले नाही. ते पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहत होते. शेवटी म्हणाले, “बटण मी वेळेवर दाबतो. उडीच उशिरा येते.”

त्यांचे म्हणणे खरे होते. का, ते आता समजून घेऊ.

जुन्या टीव्हीत काचेची एक मोठी पोकळ नळी असते. तिला पिक्चर ट्यूब म्हणतात. अशी नळी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली प्रथम तयार केली. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या काचेवर येतो. काचेच्या आतल्या बाजूला एका चमकणाऱ्या पदार्थाचा थर असतो. झोत जिथे पडतो, तिथे क्षणभर उजेड होतो. हा झोत पडद्यावर ओळी लिहीत जातो. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता. हा झोत मराठीसारखा डावीकडून उजवीकडे लिहितो. एक ओळ संपली की खालची. आपल्याकडच्या टीव्हीत तो एका सेकंदात १५,६२५ ओळी लिहितो! म्हणजे पडदा वरपासून खालपर्यंत सेकंदाला पन्नास वेळा भरून निघतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जुना टीव्ही काही साठवून ठेवत नाही. खेळाच्या यंत्राने पाठवलेली ओळ त्याच क्षणी काचेवर उमटते. यंत्र बोलते आणि टीव्ही लगेच लिहितो. शिक्षक शुद्धलेखन सांगतात आणि आपण लिहीत जातो, तसेच.

नव्या टीव्हीची पद्धत वेगळी आहे. तो आधी पूर्ण चित्र ऐकून घेतो, ते साठवतो, मोठे करतो, रंग सजवतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सिनेमा पाहताना याचा काहीच त्रास नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवता येतो. खेळताना मात्र आपले बोट मध्ये येते. काही टीव्हींमध्ये हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? खेळाचे यंत्र सेकंदाला पन्नास किंवा साठ चित्रे पाठवते. म्हणजे तेवढ्या वेळात पाच-सहा चित्रे पुढे निघून जातात. आपल्याला मारिओ खड्ड्याच्या काठावर दिसतो, तेव्हा यंत्राच्या हिशेबाने तो खड्ड्यात पडलेला असतो! बिचाऱ्या भाच्याचा यात काही दोष नव्हता.

आणखी एक फरक लगेच डोळ्यांत भरला. नव्या टीव्हीवर मारिओ बुटका आणि रुंद दिसत होता. जुन्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण चारास तीन असे. नव्या पडद्याचे सोळास नऊ असते. जुने चित्र ओढून ताणून बसवले की माणसे फुगतात आणि चेंडू लंबगोल होतात. शिवाय चित्राच्या कडा धुरकट दिसत होत्या. याचे कारण साध्या भागाकारात आहे. त्या यंत्राचे चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच असते. सपाट टीव्हीच्या पडद्यावर, समजा, १०८० ओळी आहेत. १०८० ला २४० ने भागा. उत्तर येते साडेचार. एका ठिपक्याला साडेचार ओळी! अर्धी ओळ कुठून आणणार? मग टीव्ही शेजारचे रंग एकमेकांत मिसळून वेळ मारून नेतो.

जुन्या काळचे चित्रकार मात्र पिक्चर ट्यूब समोर ठेवूनच काम करत. १९९१ साली सेगा कंपनीचा ‘सॉनिक’ हा खेळ आला. त्यातल्या धबधब्याचे चित्र उभ्या पट्ट्यांचे आहे. एक पट्टी रंगाची, एक मोकळी. पिवळ्या पिनच्या वायरीतून जुन्या टीव्हीवर त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. नव्या, स्वच्छ पडद्यावर पाणी जाऊन तिथे नुसते गज दिसू लागतात. चित्र जितके स्पष्ट तितके चांगले, असे आपण समजतो. इथे ते खरे नाही.

आता बंदुकीकडे वळू. माझ्या लहान भाचीला बदकांच्या शिकारीचा खेळ खेळायचा होता. तिने नव्या टीव्हीवर पन्नास तरी बार काढले असतील. एकही बदक पडले नाही. बंदूक बिघडली, असे सर्वांचे मत पडले.

खरे तर या बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा बसवलेला असतो. तुम्ही घोडा ओढता, तेव्हा क्षणभर पूर्ण पडदा काळा होतो. पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. आधी अंधार आणि मग ठरलेल्या वेळी उजेड दिसला, तर बंदूक यंत्राला ‘नेम लागला’ असे कळवते. हे इतके झटपट घडते की आपल्याला नुसती उघडझाप जाणवते. आधी काळा पडदा दाखवण्यात एक हुशारी आहे. एखादा लबाड मुलगा बंदूक दिव्याकडे रोखून बसला, तर त्याची चोरी तिथेच पकडली जाते! नव्या टीव्हीवर पांढरा चौकोन उशिरा येतो. यंत्राने विचारले तेव्हा उजेड नसतो आणि उजेड येतो तेव्हा विचारणारे कोणी नसते. शिवाय त्या डोळ्याला पिक्चर ट्यूबच्या झोताची भरभर होणारी लुकलुक हवी असते. सपाट पडद्याचा उजेड तसा लुकलुकत नाही. म्हणून कोणतेही बटण दाबले तरी ही बंदूक तिथे चालत नाही.

आम्ही कोपऱ्यातल्या डब्यावरची चादर काढली. मागे जागा मोकळी ठेवून तो चालू केला. ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि मुलांनी कानांवर हात ठेवले. “मामू, शिट्टी वाजते!” मला काही ऐकू येईना. बहिणीच्या सासूबाईंनाही येईना. ओळी लिहिण्याच्या वेगामुळे या टीव्हीतून एक बारीक शिट्टी निघते. वय वाढले की इतका उंच स्वर कानांना ऐकू येत नाही. मुलांना मात्र ती स्वच्छ ऐकू येते.

मग मेहुण्यांनी रिमोट घेतला. पहिला खड्डा ओलांडला. दुसरा ओलांडला. भाच्याने तिसऱ्या प्रयत्नात अब्बूंना गाठले. भाचीच्या बंदुकीने पहिले बदक पाडले, तेव्हा शेजारची मुले दारात जमली होती.

म्हणून प्रत्येक घराने जुना टीव्ही शोधत हिंडावे काय? मला तसे वाटत नाही. बुद्धिबळ, कोडी, सावकाश चालणाऱ्या गोष्टींचे खेळ सपाट टीव्हीवर उत्तम चालतात. धावण्या-उडण्याच्या खेळांसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा. तो चालू केला की टीव्ही चित्राची सजावट सोडून देतो आणि उशीर पुष्कळ कमी होतो. चित्राचा आकार चारास तीन करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, त्यांची काळजी करू नका. एवढ्यावर बऱ्याच जणांचे काम भागते. बंदुकीचा खेळ असेल, तर मात्र ट्यूबवाला टीव्हीच हवा. तोही साधा. काही महाग ट्यूब टीव्ही चित्र साठवून सेकंदाला शंभर वेळा दाखवत असत. त्यांच्यावर ही बंदूक चालत नाही. इथे स्वस्त टीव्ही महाग टीव्हीला हरवतो!

जुना टीव्ही घ्यायचाच असेल, तर दुकानात तो अर्धा तास चालू ठेवून पाहा. चित्र अंधुक होत नाही ना, अक्षरे स्पष्ट आहेत ना, कोपऱ्यांत रंगाचे डाग नाहीत ना, हे तपासा. पिवळ्या पिनची जागा आहे की नाही, तेही पाहा. घरगुती ट्यूबवाले टीव्ही बनवणे आता बंद झाले आहे. त्यामुळे नळी गेली की नवी मिळणे कठीण. आपल्या गावात दुरुस्ती करणारा मेकॅनिक आहे का, याची चौकशी आधीच करावी.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा टीव्ही स्वतः कधीही उघडू नका. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यानंतरही हा दाब आत राहू शकतो. नळीतली हवा काढलेली असते. ती फुटली तर काचा जोराने उडतात. त्या काचेत शिसे असते, म्हणून ती कचऱ्यात फेकणे किंवा उकिरड्यावर फोडणेही वाईट. टीव्ही टाकायचाच असेल, तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. माझ्या बहिणीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. ऐकून ती विचारात पडली.

रविवारी भंगारवाला आला. बहिणीने त्याला मोडकी खुर्ची आणि गंजलेला पत्रा दिला. त्याने आत डोकावून विचारले, “आणि टीव्ही?”

आत बदकांचा फडफडाट चालू होता. “तो नको,” बहीण म्हणाली. मग मुलांकडे वळून तिने बजावले, “पण महिन्याच्या आत माझ्या मशीनला जागा करून द्या.”

मेहुणे तेव्हाच उठले आणि पट्टी घेऊन पलंगाखालची उंची मोजू लागले.