रोजची वेळ, रोजची जागा

वाचन : दानीएल, अध्याय ६



वर्षअखेरच्या रात्रीची उपासना आटोपून घरी परतताना आपण कितीतरी निश्चय करतो. उद्यापासून पहाटे चालावयास जायचे, तेलकट सोडायचे, वजन उतरवायचे. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यांपैकी किती उरतात, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. निश्चय मनापासूनच केलेला असतो. परंतु दिवसाच्या धावपळीत त्याला बसावयास जागा मिळत नाही. ती कशी करून द्यावी, हाच या पाठाचा विषय आहे.

आरोग्याचा प्रश्न निघाला की शब्बाथशाळेत बहुधा दानीएलाचा पहिला अध्याय उघडला जातो. राजाचे अन्न नाकारून त्या तरुणांनी दहा दिवस शाकान्न व पाणी घेतले. परंतु तेथे मुख्य प्रश्न विटाळाचा व निष्ठेचा होता. सवयीविषयी शिकावयाचे तर सहावा अध्याय वाचावा. दारयावेश राजाची मनाईहुकुमावर सही झाल्याचे कळल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडे खिडक्या असलेल्या आपल्या माडीवर, पूर्वीच्या परिपाठाप्रमाणे, दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत राहिला. सिंहांच्या गुहेचे भय समोर असता धैर्य लागलेच. पण केव्हा व कोठे गुडघे टेकावयाचे हा प्रश्न त्याला नव्याने सोडवावा लागला नाही. वेळ ठरलेली होती, जागाही ठरलेली होती.

शरीराच्या सवयींनाही हाच नियम लागू पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एकच लहानशी गोष्ट निवडून ती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडावयाची, असे प्रत्येकाला सांगितले होते. उदाहरणार्थ, दुपारच्या जेवणाबरोबर काही ठरावीक खाणे. ती गोष्ट अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे हिशेबाने दिसले. म्हणून तीन आठवड्यांत जमले नाही तर निराश होऊ नये. दुसरी गोष्ट अधिक धीर देणारी आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही त्यांना आढळले. चुकलेल्या दिवसाचा शोक न करता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आरंभ करावा.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात लावून पाहू. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. माणूस उपासनेला येतो, गीते गातो, आणि अचानक एके दिवशी पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो. घराची सगळी घडी विस्कटते. रक्तदाब वाढविणाऱ्या कारणांत अधिक मिठाचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे. आपण भारतीय सरासरीने त्याहून पुष्कळ अधिक खातो. इंदूरची शेव, गोव्याची खारवलेली मासळी, हैदराबादचे लोणचे, आणि आपल्या प्रत्येक घरचा पापड. जिभेला सारे प्रिय, पण मीठ त्यातूनही पोटात जातेच.

एक सोपा हिशेब ठेवावा. मिठाचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी. चार प्रौढ माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरले तर एक किलोचा पुडा ५० दिवस चालतो. विकतचे फरसाण व लोणचे घरात येत असेल, तर तो त्याहूनही अधिक दिवस पुरला पाहिजे. महिन्यातच संपत असेल, तर हात आखडावयास हवा. एकदम अर्धे करू नये. भाजीत चिमूट चिमूट कमी करावे आणि मिठाची वाटी ताटाजवळून उचलावी. काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला सरावते.

चालण्याचेही असेच. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतके श्रम करावे, असे हीच संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. तो एकदम साधत नसेल, तर दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटांपासून आरंभ करावा. ताटे उचलली की चपला पायात घालावयाच्या, हीच आपली खिडकी समजावी. घरातील दोघे मिळून निघाले, तर एकाचा आळस दुसरा मोडतो.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर सवयी सुधारल्या म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ मूत्रपिंडाच्या रोग्यास अपाय करू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.

मंडळीलाही यात काम आहे. उपासनेनंतर चहाबरोबर फरसाणाऐवजी केळी किंवा भाजलेले चणे ठेवता येतील. प्रीतिभोजनाच्या दिवशी एखाद्या भगिनीने, जी परिचारिका आहे, सर्वांचा रक्तदाब तपासला तर ज्याला आपला आकडा ठाऊक नाही त्याला तो कळेल. १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास घाबरून न जाता त्याने डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे.

वर्गासाठी प्रश्न

१. दानीएलाची वेळ व जागा ठरलेली नसती, तर मनाईहुकुमाच्या दिवशी काय कठीण झाले असते?

२. तुमच्या घरी रोज न चुकता होणारी तीन कामे कोणती? त्यांपैकी कोणत्या कामाला एक नवी सवय जोडता येईल?

३. घरातील मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा. पुडा संपला की दिवस मोजून वर्गात सांगा.

शिक्षकांनी मुलांकडून एकाच सवयीचे नाव घ्यावे, दोनांचे नाही. आणि आपलेही नाव त्याच यादीत लिहावे.