दोन डेटाबेस आणि एक कमिट

'एसक्यूएल काय, सगळीकडे सारखंच' हे वाक्य मी मुलाखतींतही ऐकतो आणि मीटिंगांतही. साध्या सिलेक्ट, इन्सर्ट, ग्रुप बायपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण एकाच क्वेरीत दोन डेटाबेसांची नावं आली की प्रत्येक उत्पादन आपापल्या नियमाने वागू लागतं, आणि हे बहुतेकांना प्रॉडक्शनवर गेल्यावरच कळतं. पुण्यात डेटाबेसचा सल्लागार म्हणून अशी प्रकरणं माझ्याकडे येत असतात. त्यातलं एक जरा सविस्तर सांगतो.

एका घाऊक औषध व्यापाऱ्याचं बिलिंग मायएसक्यूएलवर चालायचं. एक डेटाबेस हिशेबाचा, दुसरा स्टॉकचा, दोन्ही एकाच सर्व्हरवर. मायएसक्यूएलमध्ये ही रचना फार सोयीची पडते. टेबलाच्या नावाआधी डेटाबेसचं नाव आणि एक टिंब लिहिलं की जॉइन चालतो. टेबलं इनोडीबीची असतील तर एका डेटाबेसातून दुसऱ्यातल्या टेबलावर फॉरेन कीसुद्धा लावता येते. दोन्हीकडचे बदल एकाच कमिटमध्ये पक्के होतात, नाहीतर एकाच रोलबॅकमध्ये मागे फिरतात. क्रिएट डेटाबेस आणि क्रिएट स्कीमा या दोन आज्ञा तिथे एकच काम करतात. थोडक्यात, मायएसक्यूएलचे दोन डेटाबेस म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन खोल्या. पोस्टग्रेसमध्ये मात्र ते दोन स्वतंत्र वाडे असतात आणि मधल्या भिंतीला दार नसतं.

सॉफ्टवेअर पोस्टग्रेसवर न्यायचं ठरलं तेव्हा टीमने डेटाबेसाला डेटाबेस अशी सरळ जोडी लावली. त्यातच स्टॉकचा डेटाबेस गोदामातल्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवायचं ठरलं. टेस्टिंगला दोन्ही एकाच मशीनवर होते, आणि पहिल्याच रिपोर्टला 'रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट' आलं. टिंबाआधीचं नाव पोस्टग्रेस स्कीमाचं समजतं, डेटाबेसचं नाही. टेबल तर समोर दिसतंय, मग डेटाच नीट आला नसेल, या शंकेने पोरांनी सगळा डेटा पुन्हा लोड केला. शेवटी कुणीतरी डेटाबेस, स्कीमा, टेबल अशी तीन नावं लिहून पाहिली, तेव्हा खरा निरोप मिळाला: 'क्रॉस-डेटाबेस रेफरन्सेस आर नॉट इम्प्लिमेंटेड'. पहिला एरर दिशाभूल करणारा होता, दुसरा अगदी सरळ.

इथेच स्वस्तात सुटका होती. मायएसक्यूएलचा प्रत्येक डेटाबेस पोस्टग्रेसच्या एकाच डेटाबेसात एकेक स्कीमा म्हणून आणायचा. टिंबवाल्या जुन्या क्वेऱ्यांतली नावं जशीच्या तशी चालतात, फॉरेन की चालते, कमिट एक राहतो. मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. तिथला डेटाबेस इथे स्कीमा होतो.

पण टीमला इंटरनेटवर पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू सापडलं. 2013च्या 9.3 आवृत्तीपासून पोस्टग्रेससोबत येणारं हे एक्स्टेन्शन दुसऱ्या डेटाबेसातलं टेबल आपल्याकडे परकं टेबल म्हणून दाखवतं. मग त्यावर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट सगळं होतं. डेमोला रिपोर्ट उघडला, सगळे खूश, आणि सॉफ्टवेअर लाइव्ह गेलं.

पहिली कुरबुर वेगाची निघाली. परक्या टेबलावरच्या अटी पोस्टग्रेस शक्य तेव्हा पलीकडे पाठवतं आणि तिथूनच गाळून नोंदी आणतं. पण अटीत आजच्या वेळेचं फंक्शन असेल, म्हणजे ज्याचं उत्तर दर वेळी बदलू शकतं असं, तर ती अट पलीकडे जात नाही. मग नोंदी ढिगाने इकडे येतात आणि गाळणी इथे लागते. त्यातही ठरावीक सेटिंग बदललं नसेल तर त्या शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी येतात. 'गेल्या महिन्यात मुदत संपलेली औषधं' हा रिपोर्ट म्हणूनच रखडायचा. एक्सप्लेन व्हर्बोज लावा आणि रिमोट एसक्यूएल ही ओळ वाचा. तुमची अट त्या ओळीत दिसली नाही तर ती पलीकडे गेलेली नाही. ॲप्लिकेशनमधूनच तारीख काढून स्थिर मूल्य म्हणून पाठवली आणि रिपोर्ट मार्गी लागला.

वेगाची तक्रार निदान दिसते तरी. खरं दुखणं गोदामातली मोजणी जुळेना तेव्हा बाहेर आलं, आणि मला बोलावलं ते त्यासाठी. सिस्टीममधला स्टॉक कमी, रॅकवरचा माल जास्त. चोरी असती तर उलटं दिसलं असतं, त्यामुळे मालक चक्रावले होते. मी स्टॉकच्या हालचालींचं टेबल घेतलं आणि ज्या बिल नंबरांची नोंद हिशेबाच्या डेटाबेसात नाही ते नॉट एक्झिस्ट्स लावून काढले. स्टॉक वजा झालेला, पण बिलच नाही, अशा नोंदी निघाल्या. काही ठिकाणी पाठोपाठच्या मिनिटांत त्याच दुकानाच्या नावावर तोच माल पुन्हा वजा झाला होता, आणि या दुसऱ्या खेपेचं बिल मात्र होतं.

झालं होतं ते असं. बिल हिशेबाच्या डेटाबेसात, स्टॉकची वजावट परक्या टेबलावर, आणि दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. कमिट म्हटल्यावर पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू आधी पलीकडचं कमिट करतं, मग इथलं होतं. दोन टप्प्यांचा कमिट, ज्यात दोन्ही बाजू आधी 'तयार' म्हणतात आणि मगच पक्कं होतं, तो या एक्स्टेन्शनमध्ये नाही. गोदामाची लाइन नेमकी तेव्हाच गेली तर पलीकडे कमिट झालेलं असतं, पण 'झालं' हा निरोप परत पोचत नाही. मग इथलं ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. ऑपरेटरला स्क्रीनवर एरर दिसतो, तो बिचारा बिल पुन्हा करतो, आणि स्टॉक दोनदा कापला जातो.

उपाय साधाच होता. बिल करताना पलीकडे काहीच लिहायचं नाही. हिशेबाच्याच डेटाबेसात 'पाठवायच्या नोंदी' असं एक टेबल ठेवायचं आणि बिलासोबत, त्याच कमिटमध्ये, एक ओळ त्यात टाकायची. एक छोटा प्रोग्रॅम त्या ओळी उचलून स्टॉककडे लावत राहील. तिथे बिल नंबर आणि मालाचा कोड या जोडीवर युनिक बंधन, आणि हालचालीची ओळ खरोखर नव्याने बसली तरच वजावट, तीही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मग लाइन कितीदाही जाऊ दे, तीच ओळ पुन्हा आली तरी माल दोनदा कापला जात नाही. स्टॉक काही सेकंद मागे राहील, हे मालकांना आधी सांगून त्यांची मान्यता घेतली.

फॉरेन की परक्या टेबलाकडे लावताच येत नाही, त्यामुळे अनाथ नोंदी शोधणारी ती क्वेरी रोज रात्री चालवावी लागते. बॅकअपचंही तसंच. पीजी_डंपऑलने सगळे डेटाबेस एका दमात उतरतात असं वाटतं. प्रत्येक डेटाबेस आपल्यापुरता सुसंगत असतो, पण दोघांचा क्षण एक नसतो. शिवाय इथे तर सर्व्हरच दोन. असे बॅकअप रिस्टोअर केले की पुन्हा तीच बिलाविना वजावट.

बाकीच्यांचं थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकाच इन्स्टन्सवर तीन भागांचं नाव लिहून जॉइनही चालतो आणि एकत्रित कमिटही, पण दोन डेटाबेसांमध्ये फॉरेन की नाही. तीच क्वेरी ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेसवर नेली की दुसऱ्या डेटाबेसचं तीन भागांचं नाव चालत नाही, आणि क्लाउडवर जाणारे इथे हमखास अडतात. ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक असते आणि दोन टप्प्यांचा कमिट तो स्वतः करतो. मात्र लिंकवरून पलीकडे टेबल तयार करणं किंवा बदलणं जमत नाही. एसक्यूलाइटमध्ये अटॅच करून मुळात दहा फायली जोडता येतात, पण वॉल मोडमध्ये मध्येच वीज गेली तर एका फाईलमधला बदल टिकतो आणि दुसरीतला जातो, असं होऊ शकतं.

नवी रचना मंजूर करण्याआधी टीमला चार प्रश्न लेखी विचारा. जॉइन चालतो का, फॉरेन की लागते का, कमिट एकच आहे का, आणि दोन्हींचा बॅकअप एकाच क्षणाचा मिळतो का. पहिल्याचं 'हो' ऐकून सही करू नका. तिसऱ्याचं उत्तर तोंडी तर मुळीच घेऊ नका. टेस्ट सर्व्हरवर बिलांचा मारा चालू ठेवा, मधली केबल पुन्हा पुन्हा उपसा आणि दोन्हीकडच्या नोंदी मोजा.