पहिला लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेट: काय विकत घ्याल, काय भाड्याने, खर्च किती

पॅड, सिंथ, लॅपटॉप यांचे भाव तुम्हाला मोबाइलवर मिनिटभरात मिळतात. बजेट कोलमडतं ते त्यांच्या मधल्या वस्तूंनी: अडॅप्टर, वायरी, डीआय बॉक्स, हब, बॅग. म्हणून एकूण रकमेचा पाचवा हिस्सा आधीच या किरकोळ सामानासाठी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत यंत्रं बसवा. इथले भाव नव्या मालाचे आणि ढोबळ आहेत. ब्रँड, डॉलरचा दर आणि सणासुदीची सूट यांनुसार ते हजार-दोन हजारांनी हलतात.

दुकानात जाण्याआधी साउंडवाल्याला फोन करा

पाच प्रश्न विचारा. मिक्सर स्टेजपासून किती लांब आहे? स्टेजवर डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा) मिळेल का, आणि त्याचं भाडं वेगळं आहे का? तुमच्यासाठी मॉनिटर स्पीकर असेल का? टेबल किती लांब, किती उंच? लाइट आणि साउंड एकाच वीजलाइनवर आहेत का?

तुमच्या टेबलावर दहा यंत्रं असोत की एक, साउंडवाल्याला शेवटी डावा आणि उजवा असे दोनच सिग्नल जातात. लांबच्या वायरीत घरघर यायला नको असेल तर ते बॅलन्स्ड हवेत. ऑडिओ इंटरफेसला बॅलन्स्ड टीआरएस आउटपुट असेल तर टीआरएस-ते-एक्सएलआर अशा दोन वायरी पुरतात. दुकानात एक्सएलआरला ‘कॅनन पिन’ म्हणतात, तसंच मागा. यंत्राला साधा मोनो जॅक किंवा हेडफोनसारखं ३.५ मिमीचं आउटपुट असेल तर दोन चॅनेलचा डीआय लागेल: ३ ते ८ हजार. डीआयविना थेट वायर जोडत असाल तर त्याआधी त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर बंद करायला सांगा. तुमच्या आउटपुटमध्ये तो शिरायला नको.

तीन सेट, तीन बजेट

*लॅपटॉप आणि कंट्रोलर.* लॅपटॉप तुमच्याकडे आहे असं धरलंय. १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. अकाई एमपीके मिनी किंवा नोव्हेशन लाँचपॅड मिनी यांसारखा कंट्रोलर ९ ते १२ हजारांत येतो. एकटेच वाजवणार असाल तर दोन आउटपुटचा इंटरफेस चालेल: ११ ते २० हजार. सोबत तबला किंवा ढोलकी असेल आणि त्या वादकाच्या कानात क्लिक द्यायचा असेल, तर चार आउटपुट लागतात. फोकसराइट स्कारलेट ४आय४ साठी २५ ते ३० हजार धरा. बेरिंजर यूएमसी२०४एचडी साधारण १० हजारांत चार आउटपुट आणि पाच पिनांचा मिडी इन-आउट देतो.

सॉफ्टवेअर घाईने घेऊ नका. अनेक कंट्रोलर आणि इंटरफेसबरोबर एबलटन लाइव्ह लाइट मोफत मिळतं. त्यात आठ ट्रॅक असतात. पहिला सेट आधी त्यात बसवून पाहा, बहुतेक वेळा बसतो. पुढची पायरी इंट्रो: सोळा ट्रॅक, किंमत ९९ डॉलर. विद्यार्थी असाल तर त्यापुढच्या स्टँडर्ड किंवा स्वीट आवृत्त्या घेण्यापूर्वी शैक्षणिक सवलत तपासा. किरकोळ सामान धरून या सेटचा एकूण खर्च ३५ ते ६० हजार.

*लॅपटॉपविना.* कॉर्ग व्होल्कासारखी दोन छोटी यंत्रं ३० ते ३५ हजार, छोटा मिक्सर ७ ते १० हजार, अडॅप्टर आणि वायरी ७ ते ८ हजार. बेरीज ४४ ते ५३ हजार. दुसरा पर्याय एकाच सॅम्पलरचा: रोलँड एसपी-४०४ एमके२ सुमारे ४५ ते ५५ हजार. एक यंत्र म्हणजे एक अडॅप्टर, दोन वायरी आणि पाच मिनिटांत मांडणी. एका संध्याकाळी चार कलाकार असतील तर हा फायदा मोठा आहे.

*दोन्हींचं मिश्रण.* ८० हजारांपासून पुढे. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नका. यंत्रं वाढली की वायरी दुपटीने वाढतात आणि साउंडचेकची वेळ तेवढीच राहते.

डब्यावर न लिहिलेले खर्च

*अडॅप्टर.* व्होल्कासोबत तो येत नाही. यंत्र सहा पेन्सिल सेलवर चालतं, अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. स्वस्तात दुसरा घेताना व्होल्ट, अँपिअर आणि मधल्या पिनेचं चिन्ह, तिन्ही जुळवा. व्होल्काला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन पॉझिटिव्ह असते. बॉसच्या पेडलनाही ९ व्होल्टच लागतात, पण तिथे मधली पिन निगेटिव्ह. अदलाबदल झाली तर यंत्र जळू शकतं.

*परदेशातून आणलेला माल.* अमेरिकेतल्या भावाकडून मागवलंत तर अडॅप्टरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलंय का, त्याचा फोटो आधी मागा. फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो टिकणार नाही. कुरिअरने मागवलंत तर सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क वर चढतं. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहून शुल्क वाचत नाही, ती सवलत २०१९ मध्येच बंद झाली. शिवाय बहुतेक कंपन्यांची वॉरंटी खरेदी केलेल्या देशापुरती असते.

*सॉफ्टवेअर.* डॉलरच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क, बहुधा २ ते ३.५ टक्के, धरा. ९९ डॉलरचे दहा हजारांच्या आसपास होतात.

*मिडीचं कनेक्शन.* लाँचपॅड मिनी आणि एमपीके मिनीच्या बऱ्याच आवृत्त्यांना पाच पिनांचं मिडी आउटपुट नाही. ते फक्त यूएसबीने संगणकाशी बोलतात, थेट व्होल्का चालवत नाहीत. छोट्या यंत्रांवर ३.५ मिमीचं मिडी सॉकेट असेल तर ‘टाइप ए’ की ‘टाइप बी’ हे मॅन्युअलमध्ये पाहूनच कन्व्हर्टर घ्या. दिसायला दोन्ही सारखे, वायरिंग उलटं.

*हब.* लॅपटॉपला दोनच यूएसबी पोर्ट असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. इंटरफेस मात्र थेट लॅपटॉपला लावा.

कुठे घ्याल

मुंबईत हाताळून पाहायचं असेल तर धोबीतलावचं फुर्ताडोस. ऑनलाइन घ्यायचं असेल तर बजाओसारखी वाद्यांचीच दुकानं पाहा. सर्वसाधारण बाजार साइटवर घेत असाल तर विक्रेता अधिकृत आहे का ते पाहा, नाहीतर वॉरंटी नाकारली जाते. वायरी, पिना, कन्व्हर्टर, स्पाइक गार्ड यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. रविवारी जाऊ नका.

बिल पक्कंच घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय कमी करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या. इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरचा १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटी, विमा आणि पुढे विकताना मिळणारी किंमत, तिन्हींवर पाणी पडतं. डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. कार्यक्रमाआधी किमान तीन आठवडे माल हातात हवा: एक आठवडा शिकायला, एक सेट बसवायला, एक बदलून घ्यायची वेळ आली तर.

भाड्याने कधी, जुनं कधी

स्पीकर, सबवूफर, मोठा मिक्सर कधीच विकत घेऊ नका. ते आयोजकाचं काम. तुमच्या वाद्यांसाठी सोपा हिशेब: वर्षभरात जितक्या वेळा लागेल तितकं भाडं जर नव्या किमतीच्या निम्म्यापर्यंत पोचत असेल तर विकत घ्या. भाडं ठरवताना हे लेखी विचारा: दिवस म्हणजे २४ तास की तारीख? डिपॉझिट किती आणि कधी परत? टेम्पो कोणाचा? मध्यरात्रीनंतरचं वेगळं शुल्क? जीएसटी धरून की वर? ताब्यात घेताना ओरखड्यांसकट फोटो काढा.

जुनं घेताना प्रत्येक पॅड हळू आणि जोरात वाजवा, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर ऐका, तुमचाच लॅपटॉप जोडून ड्रायव्हर चालतो का ते पाहा. विक्रेत्याने कंपनीच्या खात्यातून यंत्राची नोंद तुमच्या नावावर करून दिल्यावरच पूर्ण पैसे द्या. सोबतचं मोफत सॉफ्टवेअर बहुधा आधीच वापरलेलं असतं. त्याचे पैसे देऊ नका.

टेबलावरची मांडणी

सहा फूट बाय दोन फूट टेबल मागा. लॅपटॉप बाजूला आणि स्टँडवर ठेवा. हात जिथे सतत जातो ते यंत्र समोर. वीज एका कडेने न्या, ऑडिओ दुसऱ्या कडेने. दोन्ही वायरी एकमेकींना छेदतील तिथे काटकोनात छेदू द्या. सगळे अडॅप्टर एकाच स्पाइक गार्डवर, आणि तो शक्यतो साउंडच्या लाइनवर. चार्जर लावला की घरघर सुरू होत असेल तर आधी डीआयवरची ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला मिळाला तर अजिबात ऐकू नका, शॉक बसू शकतो.

ताल पाठवणारं यंत्र एकच ठरवा, बाकीची त्याच्या मागे चालतील. मिडी वायर १५ मीटरपेक्षा लांब नको. लॅपटॉपवर वाय-फाय, ब्लूटूथ, अपडेट आणि स्क्रीनसेव्हर बंद करा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, तो पॅडसाठी चांगला. आवाज तुटायला लागला तर २५६ करा. दुपारी उघड्यावर वाजवणार असाल तर टेबलावर सावली लेखी मागा. तापलेला लॅपटॉप मंदावतो.

संपूर्ण सेटचं स्टीरिओ रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये ठेवा, आणि तो मिक्सरला जोडणारी वायरही बॅगेत ठेवा. मशीन अडकलं तर पुन्हा सुरू होईपर्यंत आवाज चालू राहतो.

परवाने आणि वेळ

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गोव्यातही नियम हाच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती जाहीर केलेल्या शांतता क्षेत्राची हद्द किमान १०० मीटर असते. तुमची वेळ ९.१५ ची असेल आणि कार्यक्रम उशिरा सुरू होत असेल, तर कापला जाणारा सेट तुमचाच असतो. म्हणून मानधन वेळेवर नव्हे, हजेरीवर ठरवा.

पोलिसांची आणि जागेची परवानगी आयोजकाने घ्यायची. दुसऱ्याच्या रचना वाजवणार असाल तर आयपीआरएसचा परवाना, ध्वनिमुद्रित गाणी लावणार असाल तर पीपीएलचा किंवा संबंधित हक्कधारकाचा, हेही आयोजकाकडेच. प्रत मागून घ्या. जुन्या सिनेगीताचा तुकडा कापून स्वतःच्या ट्रॅकमध्ये घालायची मुभा मात्र या परवान्यांत नसते. ती हक्कधारकाकडून वेगळी मिळवावी लागते.

विमानाने जाताना

देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन सामानात आणि ७ किलो केबिनमध्ये मिळतात. जास्तीचे किलो ऑनलाइन आधी घ्या, काउंटरवर महाग पडतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, १०० वॉट-तासांपर्यंत. परदेशी जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, त्यावर सीरियल नंबर हवेत. परतताना ‘हे नवं आणलंय का’ या प्रश्नाला तेच उत्तर. मोठा दौरा असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र, पाहा. भारतात ते फिक्की देते.

आयोजकाला पाठवायचं पान

एका पानावर हे लिहा: आउटपुट किती आणि कोणते, डीआय कोण आणणार, टेबलाचं माप, १६ अँपिअरचा एक सॉकेट, मॉनिटर, साउंडचेकची ३० मिनिटं, मांडणीची १५. खाली मानधन, आगाऊ रक्कम, प्रवास, आणि कार्यक्रम रद्द झाल्यास किती मिळणार. पॅन नंबर द्या. तो नसेल आणि टीडीएस लागू होत असेल तर २० टक्के कापला जातो. निम्मं मानधन खात्यात आल्याशिवाय टेम्पो किंवा तिकीट बुक करू नका.