भयानकाकडून बीभत्साकडे : एका पूर्वकथापटाचा अभ्यास

रक्तपाताने भरलेल्या चित्रपटाचे नाव निघाले की सुसंस्कृत माणूस नाक मुरडतो. 'असले काही लोकांना आवडते तरी कसे?' हा त्याचा प्रश्न बहुधा उत्तराची वाट पाहत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारायचा आहे. त्यासाठी २००६ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'द टेक्सस चेनसॉ मॅसेकर : द बिगिनिंग' हा चित्रपट उदाहरणादाखल घेतला आहे. एखादा खुनी हत्याराने एकामागून एक तरुणांचे बळी घेतो, अशा चित्रपटांना 'स्लॅशर' म्हणतात. हा चित्रपट त्या जातीचा तर आहेच. शिवाय तो 'प्रीक्वेल', म्हणजे आधी सांगून झालेल्या कथेची पूर्वकथा आहे.

या मालिकेचा मूळ चित्रपट टोबी हूपर यांनी १९७४ साली तुटपुंज्या भांडवलात काढला. गाडीतून हिंडणारे पाच तरुण टेक्ससमधील एका एकाकी घराशी येतात. त्या घरात कत्तलखान्याच्या धंद्यातले एक कुटुंब राहते आणि त्यातला लेदरफेस माणसाच्या कातडीचा मुखवटा चढवून यांत्रिक करवत चालवतो. या मुखवट्याची कल्पना विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली पकडल्या गेलेल्या एड गीन या गुन्हेगारावरून सुचली. बाकी कथा कल्पित आहे. ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने १९७५ साली या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारले. ते मिळायला १९९९ साल उजाडले. आश्चर्य असे की, एवढा बदनाम झालेल्या या चित्रपटात रक्त फारच थोडे दिसते. एका मुलीला मांस टांगण्याच्या आकड्यावर अडकवले जाते; पण आकडा अंगात रुतताना दिसत नाही. तिचा चेहरा दिसतो, किंकाळी ऐकू येते. उरलेले काम प्रेक्षकाचे मन करते.

येथे भरताची आठवण होते. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय, तर बीभत्साचा जुगुप्सा सांगितला आहे. रक्त वगैरेंमुळे उत्पन्न होणाऱ्या बीभत्साला भरत 'क्षोभज' म्हणतो. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असेही त्याचे मत आहे. मात्र मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, ते सूचित करावे, असा दंडकही तो घालतो. हूपर यांनी हा ग्रंथ वाचला असेल असे मुळीच नाही. परंतु जुगुप्सेच्या नुसत्या सूचनेतून भय उभे करण्याचे त्यांचे तंत्र या विचाराशी जुळते.

या कथेची नवी आवृत्ती २००३ साली निघाली आणि तिची पूर्वकथा म्हणजे २००६ चा चित्रपट. दिग्दर्शक जोनाथन लीबेसमन. काळ १९६९. येथे सर्व गोष्टींचा खुलासा होतो. कत्तलखान्यातच जन्मलेले टाकून दिलेले मूल म्हणजे लेदरफेस. कत्तलखाना बंद पडल्यावर करवत त्याच्या हाती येते. खऱ्या शेरीफला मारून घरातलाच एक जण त्याचा गणवेश चढवतो. वृद्ध काकाचे पाय कसे गेले, तेही कळते. आणि १९७४ साली जे पडद्याबाहेर राहिले होते, ते येथे जवळून व सावकाश दाखवले जाते.

मग रक्तपाताच्या चाहत्याला यात मिळते काय? पहिली गोष्ट म्हणजे खात्री. पुढची कथा ठाऊक असल्याने खुनी मरणार नाही, हे आधीच ठरलेले असते. कीर्तनातील आख्यानाचा शेवटही श्रोत्यांना माहीत असतो. म्हणून तर त्यांचे लक्ष 'काय झाले' यावरून 'कसे सांगितले' याकडे वळते. चाहत्याचेही तसेच होते. दुसरी गोष्ट कारागिरीची. टॉम साविनी यांनी 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) या चित्रपटासाठी केलेल्या जखमा चाहते आजही जादूगाराच्या हातचलाखीसारख्या वाखाणतात. हे साविनी व्हिएतनामच्या युद्धात सैन्याचे छायाचित्रकार होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या धैर्याची परीक्षा : मी डोळे न मिटता पाहू शकलो, याचे समाधान. या तिन्हींत विकृत असे काही नाही. प्रेते प्रत्यक्ष पाहणे क्लेशकारक असले तरी त्यांचे हुबेहूब चित्र पाहण्यात माणसाला आनंद वाटतो, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वीच नोंदवले आहे.

परंतु त्याच ॲरिस्टॉटलने असेही म्हटले आहे की, भय आणि करुणा केवळ दृश्याच्या बळावर निर्माण करण्यापेक्षा कथानकाच्या रचनेतून निर्माण करणे श्रेष्ठ होय. पूर्वकथेची अडचण नेमकी येथे आहे. ज्याचे कारण कळत नाही त्याचे भय वाटते. लेदरफेसचा जन्म, बालपण, अपमान सांगून झाले की तो अनाकलनीय राहत नाही. भय ओसरते आणि जुगुप्सा तेवढी मागे उरते. बीभत्स राहतो, पण त्यातून भयानक उत्पन्न होत नाही.

खेद अशासाठी की, या चित्रपटाजवळ चांगले कथाबीज होते. दोन भाऊ सैन्यभरतीसाठी निघाले आहेत. थोरला व्हिएतनाममध्ये लढून आला आहे व पुन्हा जाणार आहे. धाकटा युद्धाला भितो आणि भरतीचे कार्ड जाळतो. ते अर्धवट जळलेले कार्ड तोतया शेरीफच्या हाती लागते, तेव्हा थोरला भाऊ ते आपलेच असल्याचे सांगतो. या प्रसंगी छातीत खरोखर धस्स होते, आणि तेथे रक्ताचा थेंबही नाही. पुढे त्याच भावाच्या चेहऱ्याचा मुखवटा होतो. त्या वेळी कॅमेरा कातडीकडे पाहतो. भावाकडे पाहायचे विसरतो.

म्हणून या चित्रपटांचे मोल रक्ताच्या प्रमाणावर ठरवू नये. चाहत्याला नावे ठेवण्याने काही साधत नाही, आणि 'आम्हाला एवढेच हवे' असे म्हणणाऱ्या चाहत्यानेही स्वतःला कमी लेखू नये. विचारायचे ते एवढेच : पडद्यावर मरणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत माणूस राहिला का? तो राहिला, तर बीभत्सातूनही भय आणि करुणा जन्माला येतील. नाही राहिला, तर प्रेक्षकही त्या कत्तलखान्यातल्या कामगारासारखा होईल. समोर काय कापले जात आहे, याचे त्याला काहीच वाटणार नाही.