नाडीची गाठ

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत गुंड्या, नाड्या लावलेल्या कापडी चौकटींवर मुले हात बसवितात. १९२० साली भावनगरला बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी हीच वाट धरली. आम्हांस हे क्षुल्लक वाटे. परंतु नाडी न सुटल्यामुळे पहिलीतील एक बालक वर्गातच ओले झाले आणि पुढे शाळेचे नाव काढताच रडू लागले, तेव्हा आमचे डोळे उघडले. घरी आई घाईने गाठ मारते, आजी भरविते. माया खरी, पण बालकाची बोटे रिकामीच राहतात. गुंडी लावण्यास त्यास वेळ लागणारच. आपण स्वस्थ बसणे, हेच कठीण! प्रथम खालची गुंडी शिकवावी. ती त्यास दिसते. नाडीस मात्र निरगाठ नको, सुरगाठ मारावी; एक टोक ओढताच ती सुटते.