पाणी कुठे अडले?

डाळिंबाचे एक झाड पिवळे पडले. "पाणी कमी पडलं असेल," असे आपण म्हणतो. आणखी पाणी देतो. तरी झाड वाळते. असे का होते?

खोड नीट पाहा. टाचणीने टोचावीत तशी बारीक भोके दिसतील. भुसाही दिसेल. हे काम तिळाहून लहान भुंगेऱ्याचे. शेतकरी त्याला 'पिनहोल बोरर' म्हणतात.

भोक पाडते ती मादी. ती लाकूड खात नाही. ती आपल्याबरोबर बुरशी आणते आणि आत पेरते. जणू तिचे शेतच! तिच्या अळ्या ती बुरशी खातात. पण बुरशीने झाडाच्या शिरा बंद होतात. मुळांनी ओढलेले पाणी शेंड्याला पोचत नाही. जादा पाण्याने झाड आणखी दुबळे होते. दुबळ्या झाडावर भुंगेरा आधी येतो.

"लेकरासारखं वाढवलेलं झाड कसं तोडू?" असे मनात येईल. पण सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे २०२२ पर्यंत या किडीपायी कितीतरी बागा काढाव्या लागल्या. म्हणून वाळलेले झाड मुळासकट काढा. बागेबाहेर नेऊन लगेच जाळा. सरपणाला ठेवू नका. ठेवले, तर आतले भुंगेरे शेजारच्या झाडात शिरतील.

एक झाड द्या, बाग राखा.