फॉरमॅट मारण्याआधी

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

सुटे भाग आणून तू स्वतः जोडलेला संगणक सुरू व्हायला दीड मिनिट घेतो आणि आता तू विंडोज नव्याने टाकायला निघाला आहेस, असं ताईकडून कळलं. ते तेवढं थांबव. वेळ नेमका कुठे जातो हे न बघता फॉरमॅट मारला, तर अख्खी संध्याकाळ जाते आणि दुखणं बहुधा जागच्या जागी राहतं.

उद्यमनगरातला जाणता मिस्त्री अडलेलं इंजिन एकदम खोलत नाही. आधी डिझेल येतंय का बघतो, मग नोझल, मग कॉम्प्रेशन. संगणकालाही हीच शिस्त लागते.

पहिला आकडा विंडोजच देतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ उघडलं की वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. विंडोजच्या हाती कारभार जाण्याआधी मदरबोर्डने घेतलेले ते सेकंद. नव्वदांपैकी साठ तिथेच खर्ची पडत असतील, तर विंडोज दहा वेळा टाकलं तरी फरक पडणार नाही.

तुझ्या बोर्डाचं सॉकेट एएम५. रायझन ७००० मालिकेबरोबर ते सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आलं आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. या रॅमचा वेग एवढा, की बोर्डाला सिग्नलच्या वेळा बसवलेल्या रॅमप्रमाणे जुळवून घ्याव्या लागतात. यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात. सुरुवातीच्या काही बोर्डांवर तर कंपनीने स्टिकरच लावलं होतं: ३२ जीबीच्या चार रॅम असतील तर पहिल्या वेळी ४०० सेकंदांपर्यंत थांबावं लागेल. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते आणि बोर्डाच्या कडेला ‘सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट’ या चार बारीक दिव्यांपैकी डीरॅमचा दिवा पेटलेला राहतो. पुष्कळ जण घाबरून पॉवर बटण दाबून धरतात, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पहिल्या दिवशी हे चालायचंच. रोज होत असेल तर बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ बघ. ते चालू असलं की जुळवलेल्या वेळा बोर्ड लक्षात ठेवतो. मात्र जुन्या बायोसवर त्यामुळे मशीन अस्थिर होऊ शकतं, म्हणून आधी बायोस अपडेट आणि नंतर मेमटेस्ट.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीची. रात्री आपण भिंतीवरचं बटणही बंद करतो. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल चांगला असेल तर काही बिघडत नाही. उतरला असेल तर सेटिंग पुसली जातात आणि सकाळी पुन्हा ट्रेनिंग. इंटरनेट जोडण्याआधी घड्याळात चुकीची तारीख दिसली, तर सेल बदल.

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क तू यात लावली आहेस ना? संगणक बंद करून तिची साटा केबल काढ, पुढचा पेनड्राइव्हही काढ, आणि पुन्हा सुरू कर. मरायला टेकलेली डिस्क उत्तर देईपर्यंत बाकी सगळे ताटकळतात.

बायोसचा आकडा लहान निघाला, तरच विंडोजकडे वळ. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ नोंदींत १०० क्रमांकाची घटना सापडेल; सुरू व्हायला लागलेला वेळ तिथे मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. मोजताना दर वेळी ‘रीस्टार्ट’च कर. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की ‘शट डाउन’ने विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि आकड्यांची सरमिसळ होते. मग स्टार्टअपमधली गेम लाँचरसारखी नको ती अ‍ॅप्स बंद कर.

एका वेळी एकच बदल, आणि लगेच आकडा वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

बायोस अपडेट मात्र घरी एकट्याने करू नकोस. सध्या वळवाचे दिवस आहेत, वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट अपडेटने बोर्ड निकामी होऊ शकतो. रविवारी संगणक इकडे घेऊन ये, इथे यूपीएस आहे. येताना वही आण आणि तीत बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि रॅमवरचा पूर्ण क्रमांक लिहून ठेव.

तुझा,
मामा